विजेचा उपचार व ख्रिस्ती विवेक

मानसिक रोग्याला विजेचे झटके देण्याचा उपचार ख्रिस्ती कुटुंबाने करून घ्यावा की नाही, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत उघडपणे विचारला जात नाही. तो उपासना आटोपल्यावर मंदिराच्या पायरीवर, आवाज खाली करून विचारला जातो. कोणाची आई आठ-आठ दिवस बोलत नाही, भाकरीला हात लावीत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. डॉक्टर म्हणतात, शॉक द्यावे लागतील. मग घरची माणसे पाळकसाहेबांना गाठून विचारतात, "साहेब, यात पाप तर नाही ना?" मुतखड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी असे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मन म्हणजेच आत्मा, आणि आत्म्याला तार लावणे म्हणजे देवाच्या हद्दीत शिरणे, अशी काहीशी समजूत या प्रश्नामागे असते. तिच्या जोडीला हिंदी चित्रपटांतली ती खोलीही असते, जिच्यात धडधाकट नायकाला बांधून झटके देतात. या दोहोंपैकी खरे काय व खोटे काय, हे नीट पाहिले पाहिजे, कारण दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला उत्तर आजच हवे असते.

भोपाळात राहणाऱ्यांना मनाच्या दुखण्याची ओळख फार मोठी किंमत देऊन झाली. 1984 च्या डिसेंबरात 2 तारखेच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. दुसऱ्या दिवसापासून सर्वांचे लक्ष डोळे व फुप्फुसे यांकडे लागले, आणि ते योग्यच होते. मनाकडे पाहायला मात्र सुमारे आठ आठवडे गेले. 1985 च्या फेब्रुवारीत लखनौच्या वैद्यकीय महाविद्यालयातील पथकाने गॅसपीडितांच्या 10 सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या 855 रोग्यांची चाचणी घेतली. त्यांपैकी 193 जणांना, म्हणजे शंभरांत जवळजवळ 23 जणांना, मनाचा विकार जडलेला आढळला. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. राज्याची सरकारी मनोरुग्णालये होती ग्वाल्हेरला व इंदूरला. म्हणून नेहमीच्या दवाखान्यांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच या दुखण्यांची ओळख व प्राथमिक उपचार शिकवावे लागले.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. त्या 193 जणांपैकी बहुतेकांना उदासीनता व चिंता यांनी ग्रासले होते. पूर्ण भ्रमिष्ट झालेले थोडे. ज्या बाईने एका रात्रीत दोन लेकरे पुरली ती रडते, झोपत नाही, शिट्टी वाजली की दचकते, तर तिला विजेचा उपचार लागत नाही. तिला झोप लागेल असे औषध, ऐकून घेणारे माणूस, घरात धान्य आणि न्याय मिळण्याची आशा लागते. आपल्या लेकरांसाठी रडणारी व सांत्वन नाकारणारी राहेल शास्त्रात आहे. तिला कोणी रोगी म्हटलेले नाही. जे डॉक्टर किंवा जे नातेवाईक शोक व रोग यांतला फरक न पाहता लवकर गप्प करणारा उपाय शोधतात, त्यांच्याशी आमचे काही जमणार नाही. पण शोकाच्या पलीकडे एक जागा आहे. तेथे माणूस रडतही नाही. तो अन्न गिळत नाही, हाक मारली तर पापणी हलवीत नाही, किंवा आपले शरीर आतून कुजले आहे असे शांतपणे सांगतो आणि विहिरीची वाट धरतो. विजेचा उपचार मुख्यतः या जागेसाठी आहे.

त्याचा इतिहास अंगावर काटा आणणारा आहे व तो झाकू नये. 1934 साली बुडापेस्टच्या मेदुना नावाच्या डॉक्टरांनी कापूर टोचून रोग्याला मुद्दाम फीट आणण्यास सुरुवात केली. फेफरे व मनोभंग हे दोन आजार एकमेकांचे वैरी आहेत, अशी त्यांची कल्पना होती. ती कल्पना पुढे टिकली नाही, पण काही रोगी बरे झाले. औषधाने येणाऱ्या फीटपूर्वी रोग्याला मरणाची भीती वाटे. म्हणून रोम येथे चेर्लेत्ती व बिनी यांनी 1938 च्या एप्रिलात विजेचा प्रयोग केला. वीज किती द्यावी याची कल्पना चेर्लेत्तींना कसाईखान्यातील डुकरांवरून आली. तेथे डुकरांना आधी विजेने बेशुद्ध करीत. त्यांचा पहिला रोगी रेल्वे स्टेशनवर भटकताना पोलिसांनी पकडून आणलेला एक माणूस होता. तो निरर्थक बडबडत असे. पहिला झटका कमी पडला. दुसरा द्यावा की नाही अशी चर्चा चालू असता तो माणूस एकदम स्पष्ट शब्दांत म्हणाला की, पुन्हा नको, यात जीव जाईल. डॉक्टरांनी दुसरा झटका दिला. ही हकीकत स्वतः चेर्लेत्तींनीच सांगितली आहे. असे अनेक झटके घेतल्यावर तो माणूस शुद्धीवर आला व घरी गेला. काही काळाने आजार परतला असेही सांगतात.

या हकीकतीपाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो आहोत. त्या माणसाच्या तोंडून आलेले पहिले शहाणपणाचे वाक्य नकाराचे होते, आणि ते ऐकले गेले नाही. ते न ऐकल्यामुळे तो बरा झाला. यांपैकी एकच बाजू सांगणारे लोक आम्हांला पुष्कळ भेटतात. पण दोन्ही गोष्टी एकाच दिवशी एकाच खोलीत घडल्या.

आज हा उपचार कसा देतात तेही सांगावे. रोग्याला उपाशीपोटी आणतात. शिरेतून भूल देतात, स्नायू सैल पाडणारे औषध देतात, नाकातोंडावर प्राणवायू धरतात. मग कपाळाच्या बाजूला काही सेकंद वीज सोडतात. मेंदूत फीट येते व साधारण एका मिनिटाच्या आत थांबते. अंगाला ती फारशी दिसत नाही. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, असे बहुधा सहा ते बारा वेळा करतात. हे नेमके कशाने गुण देते याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. तो न झालेल्या औषधांची यादी मोठी आहे, म्हणून आम्ही त्यावर अडून बसणार नाही. गुण येतो का, एवढे पाहावे. इंग्लंडात नॉर्थविक पार्क येथील 1980 च्या प्रयोगात काही रोग्यांना खरा उपचार व काहींना नुसती भूल दिली होती. चार आठवड्यांनी खरा उपचार घेतलेल्यांची प्रकृती अधिक सुधारली होती. काही महिन्यांनी हा फरक राहिला नाही. म्हणजे खोल गर्तेतून माणसाला लवकर वर काढण्याचे हे साधन आहे. वर काढल्यावर त्याला तेथे टिकवायचे तर पुढे गोळ्या व माणसे लागतात. जो आज उपाशी मरेल किंवा आज गळफास घेईल, त्याच्या बाबतीत 'लवकर' या शब्दाला केवढी किंमत आहे, हे मात्र विसरू नये.

आता श्रद्धेचा मुद्दा. एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला काय केले, हे आपण शब्बाथ शाळेत मुलांना शिकवितो. आपण स्वतः ते ऐकतो की नाही कोण जाणे. देवाने त्याच्या अविश्वासाबद्दल त्याला दटावले नाही. झोपू दिले, उठवून भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. बोलणे नंतर झाले, चाळीस दिवसांचा प्रवास झाल्यावर. शरीराच्या वाटेने मनाला सावरणे यात देवाला कमीपणा वाटला नाही. तर आपल्याला का वाटावा?

यावर कोणी म्हणेल की भाकर वेगळी व वीज वेगळी. कबूल. पण आमच्या मंडळ्यांत जे वडील मनाच्या रोग्याला गोळ्या बंद करून केवळ प्रार्थनेवर राहायला सांगतात, ते स्वतः मधुमेहाची गोळी खिशात घेऊन प्रार्थनासभेला येतात. डॉ. स्टॅन्ली जोन्स यांचे उदाहरण त्यांच्यापुढे ठेवावेसे वाटते. 1907 साली ते हिंदुस्थानात आले आणि काही वर्षांत त्यांची मनःशक्ती पार खचली; विश्रांतीसाठी मायदेशी जाऊन आले तरी प्रकृती सुधारेना. लखनौत प्रार्थनेच्या वेळी आपल्याला शांती व बळ मिळाले, असे त्यांनी 'ख्राइस्ट ऑफ द इंडियन रोड' या पुस्तकात लिहिले आहे. प्रार्थनेने बरे झालेल्या त्याच माणसाने 1950 साली लखनौला 'नूर मंझिल' हे मानसोपचाराचे रुग्णालय काढले, आणि त्यात डॉक्टर नेमले. आपल्याला जसे मिळाले तसेच सर्वांना मिळेल, आणि न मिळाल्यास दोष त्यांच्या विश्वासाचा, असे ते म्हणाले नाहीत. हा नम्रपणा आम्हांला चमत्काराहून थोर वाटतो.

प्रार्थनेच्या नावाखाली काय होऊ शकते ते एरवाडीने दाखविले. तामिळनाडूतील त्या गावी दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका आश्रमाला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. तो दर्गा होता म्हणून आपण सुस्कारा टाकण्याचे कारण नाही. रोग्याला बांधून ठेवून त्याच्यावर ओरडणारी प्रार्थनाघरे ख्रिस्ती नावानेही चालतात. मार्काच्या शुभवर्तमानातील गरसेकरांच्या प्रांतातला तो माणूस आठवा. त्याला साखळदंड व बेड्या घालण्याचा प्रयोग गावाने येशू येण्यापूर्वी पुष्कळदा केला होता. येशूने तो केला नाही. आणि तो माणूस वस्त्रे नेसून शुद्धीवर बसलेला दिसला तेव्हा गावकऱ्यांना आनंद झाला नाही, भीती वाटली. रोगी वेडा असताना वाटते त्यापेक्षा बरा होऊन परत आल्यावर गावाला जास्त अवघड वाटते, हे आम्ही आमच्या मंडळीतही पाहिले आहे. कोणी त्याच्या शेजारच्या बाकावर बसत नाही. त्याच्या मुलीचे लग्न जमत नाही. अमेरिकेसारख्या देशातही 1972 साली उपाध्यक्षपदाचे उमेदवार ईगलटन यांनी आपल्याला पूर्वी विजेचा उपचार मिळाल्याचे सांगितले, आणि थोड्याच दिवसांत त्यांना उमेदवारी सोडावी लागली.

विजेच्या उपचाराविरुद्ध खरा आक्षेप श्रद्धेचा नाही, आठवणींचा आहे. उपचारानंतर काही तास गोंधळ होतो, तो जातो. पण उपचाराच्या आधीच्या आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या आठवणी पुसल्या जातात, आणि काही जणांच्या त्या परत येत नाहीत. डॉक्टर हे थोडक्यात सांगतात. रोगी अधिक सांगतात. 2003 साली ब्रिटनमधील संशोधकांनी रोग्यांच्या स्वतःच्या साक्षी एकत्र केल्या, तेव्हा निदान एक तृतीयांश रोगी आठवणी लक्षणीय प्रमाणात गेल्याची तक्रार करीत होते. लेखक हेमिंग्वे यांनी उपचारानंतर हेच गाऱ्हाणे केले होते की, आपले भांडवलच गेले. 1961 साली त्यांनी आत्महत्या केली. ज्याचा धंदा आठवणींवर चालतो त्याचा तोटा मोठा. पण ज्या आईला गेल्या नाताळात धाकट्याने पहिल्यांदा गायिलेले गीत आठवत नाही, तिचाही तोटा लहान नाही.

'देवाला सर्व आठवते, तुला आठवले नाही तरी चालेल,' असे उत्तर आम्ही ऐकले आहे. देव विसरत नाही हे आमचे विश्वासवचन आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. परंतु रोग्याला गप्प करण्यासाठी ते वापरू नये. इस्राएल लोकांना देवाने पुन्हा पुन्हा आठवण ठेवण्यास सांगितले. प्रभुभोजनही आठवणीसाठी आहे. आठवण ही आम्ही क्षुल्लक मानूच शकत नाही. मग जिवासाठी काही आठवणी द्याव्या का? आम्ही म्हणतो, होय, जीव खरोखर जात असेल तर. जसे कुजत चाललेल्या पायासाठी बोटे देतात. पण बोटे जाणार हे रोग्याला आधी सांगतात. आठवणी जातील हे सांगितलेच पाहिजे, आणि आजार तितका भारी नसेल, गोळ्यांनी भागत असेल, तर हा सौदा करू नये.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी येथे दोन शब्द. तुमच्या वर्गात असे एखादे मूल असेल की जिची आई रुग्णालयातून परत आली आहे आणि त्याच्या वाढदिवसाला काय केले ते तिला आठवत नाही. मूल समजते की आईचे प्रेम गेले. त्याला सांगा की औषधाने काही दिवस पुसले गेले आहेत, तू नव्हेस. तूच आईला ते दिवस सांग. आणि वर्गात 'येरवड्याला पाठवा', 'शॉक दिला पाहिजे' असले विनोद चालतात, ते शिक्षकानेच बंद करावेत. भोपाळात राहून आम्ही पुण्याच्या येरवड्याचे नाव घेऊन हसतो, हे मराठीपण तेवढे टिकवले नाही तरी चालेल.

राहिला संमतीचा प्रश्न, आणि तो सर्वांत कठीण. प्रभूने बेथेझदाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे दुखणाईत असलेल्या माणसाला आधी विचारले की, तुला बरे व्हायचे आहे काय. ज्याला उत्तर सर्वांना ठाऊक आहे असे वाटते, तोच प्रश्न त्याने विचारला. पण कफर्णहूमात चौघांनी पक्षघाती माणसाला बाजेसकट उचलून आणले, छप्पर उसकटून खाली सोडले, आणि त्या माणसाने स्वतः काही म्हटल्याचे लिहिलेले नाही. येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला. मग आम्ही विचारावे की उचलून न्यावे? ज्याची इच्छाच आजारी पडली आहे त्याच्या नकाराला काय म्हणावे? रोमच्या त्या माणसाचा नकार रोगाचा होता की शहाणपणाचा?

आमचा विचार असा की विचारणे कधीही सुटू नये, आणि माणूस बरा असताना विचारून ठेवावे. उचलून न्यायची वेळ आलीच तर चौघांनी न्यावे, एकट्याने नव्हे, आणि उघड छपरातून न्यावे, मागच्या दाराने नव्हे. एकटा नवरा, एकटा भाऊ, किंवा कामाने वाकलेला एकटा डॉक्टर यांच्या हाती ही गोष्ट राहिली की तिची शिक्षा होते. आमच्या देशात ती पुष्कळदा झाली आहे. भूल देणारा डॉक्टर नाही, खाटा कमी, रोगी फार, म्हणून जागेपणीच झटके देण्याची रीत वर्षानुवर्षे चालली. 'ऐकले नाहीस तर शॉकला पाठवीन' हे वाक्य कितीतरी वॉर्डांतून ऐकू येत असे. आग्रा, ग्वाल्हेर व रांची येथील मनोरुग्णालयांवर देखरेख करण्याचे काम 1997 साली सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवावे लागले. यावरून तेथील स्थिती समजावी. गरिबाला जो उपचार मिळतो तो त्याच्या आजाराला योग्य म्हणून मिळतो, की व्यवस्थेला सोयीचा म्हणून, हे विचारणे ख्रिस्ती माणसाचे काम आहे, आणि ते डॉक्टरांचा अपमान न करता करता येते.

मानसिक आरोग्य सेवेचा 2017 चा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याने भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार देण्यास मनाई केली आहे. लहान मुलांवर तो करता येत नाही; अपवादाने करायचाच तर पालकाची संमती व मंडळाची आधी परवानगी हवी. तातडीचा उपचार म्हणूनही तो देता येत नाही. म्हणजे दाराशी आलेल्या माणसाला घाईने तारा लावण्याची मुभा कोणाला नाही. शिवाय प्रत्येक सज्ञान माणसाला आपण बरे असतानाच लिहून ठेवता येते की, मला असा आजार झाला तर कोणता उपचार द्यावा व कोणता देऊ नये. आपल्या वतीने बोलण्यास आपण एक प्रतिनिधी नेमू शकतो. त्यासाठी स्टँपपेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. प्रतिनिधी नातेवाईकच असला पाहिजे असे नाही.

आमच्या मंडळीत एकट्या राहणाऱ्या विधवा आहेत, निवृत्त परिचारिका आहेत, ज्यांची मुले परदेशी आहेत असे म्हातारे जोडपे आहे. त्यांच्यापैकी कोणाला असा प्रसंग आला तर कागदावर कोणाचे नाव असेल? पास्टोरेट कमिटीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, असे आम्ही पाळकसाहेबांना कळविले आहे. ज्यांना आपले नाव देण्याची तयारी आहे त्यांनी त्या दिवशी उपासनेनंतर थांबावे.